नवा पिस्टन बसविताना मापाचा आग्रह धरा

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनाशी आमचा संबंध पूर्वी गॅरेजचे बिल चुकविण्यापुरताच होता. तो वाढला 2006 साली, रमजान ईदच्या तोंडावर. मालेगावहून साड्यांच्या गाठी घेऊन नाशिककडे निघालेल्या आमच्या जुन्या पिकअपचे इंजिन राहुड घाटाच्या चढावर एकाएकी जाम झाले. इंजिन बांधून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. दुसरी गाडी करून माल दुकानी आणेपर्यंत ऐन सीझनचे दोन दिवस गेले आणि त्याच इंजिनाचा खर्च दुसऱ्यांदा अंगावर आला.

सर्वांनी एकच निकाल दिला, पिस्टन कंपनीचा नव्हता म्हणून असे झाले. आम्हीही तेच धरून चाललो होतो. मात्र ज्या वयस्क उस्तादांनी इंजिन पुन्हा खोलले, त्यांनी पिस्टन हातात घेऊन तो निर्दोष असल्याचे सांगितले. चूक बोअरिंगमध्ये होती. पिस्टन बाजारातून येण्यापूर्वीच ब्लॉक बोअर करून ठेवला होता आणि मग जो पिस्टन मिळाला तो त्यात बसविला होता. शिवलेल्या सदऱ्यात माणूस कोंबावा, त्यातला हा प्रकार.

ही बाब समजून घेण्यासारखी आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. 100 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंशांनी तापला की सुमारे 0.2 मिलिमीटरने वाढतो. बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला तरी 0.1 च्या आसपास. शिवाय सिलिंडरला बाहेरून पाणी थंड करते, पिस्टनला ते सुख नाही. म्हणून दोघांमध्ये आधीच मोकळीक ठेवावी लागते. ती कमी पडली तर गाडी सपाटीवर ठीक चालते. भरल्या मालानिशी घाट चढताना पिस्टन फुगतो, तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू चिकटतो. मोकळीक जास्त झाली तर पिस्टन खडखडतो, तेल जळते, धूर होतो.

किती मोकळीक ठेवावी, याचा एकच आकडा नाही. प्रत्येक मेकच्या पिस्टनचा धातू व घडण निराळी असते, म्हणून बनविणारा सांगतो तोच आकडा खरा. तो बहुधा डब्यातील कागदावर किंवा पिस्टनच्या डोक्यावर असतो. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. महिंद्राने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला, त्यातील एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन इगतपुरीला बनत असे. नावातच माप आहे, चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर. त्याला अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन आणला की बोअर 90.50 करून मोकळे होणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. पण 90.50 हे नाव झाले, माप नव्हे. छत्तीस इंची पन्ह्याचे कापड गजाने मोजले की कधी कधी पस्तीसच भरते, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला हवे?

म्हणून आधी पिस्टन, मग बोअर. पिस्टन गजनपिनेच्या काटकोनात, खालच्या घेराजवळ, बनविणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजावा. दुसरीकडे मोजल्यास फसगत होते, कारण थंड पिस्टन पूर्ण गोल नसतो. मुद्दाम किंचित लंबगोल आणि डोक्याकडे निमुळता केलेला असतो. आलेल्या मापात मोकळीक मिळवून तेवढा बोअर करावा. शेवटचा हात होनिंगचा. तयार लायनरचा किट असला तरी मोजणे चुकत नाही.

बोअरिंगला टाकण्यापूर्वी जुना व नवा पिस्टन शेजारी ठेवून पाहावे. पिनेचा व्यास, पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची, रिंगांच्या खाचा आणि डोक्यावरील वाटी जुळली पाहिजे. डायरेक्ट इंजेक्शनच्या पिस्टनला खोल वाटी असते. ज्या इंजिनात डिझेल आधी हेडमधील कप्प्यात पेटते त्याची उथळ. वाटी चुकली तर इंजिन धूरच ओकणार. उंची जास्त असेल तर पिस्टन हेडला आदळेल. बोअरिंग करून आणलेल्या ब्लॉकमध्ये पिस्टन बसविल्यावर हे पुन्हा तपासतात. त्यासाठी पिस्टनवर शिशाची तार ठेवून हेड आवळायचे, इंजिन हाताने फिरवायचे आणि चेपलेली तार मोजायची. मिस्त्री याला बंपिंग क्लिअरन्स म्हणतात.

रिंग प्रथम मोकळीच बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलावी व तोंडातील फट फीलर गेजने पाहावी. 100 मिलिमीटर बोअरला 0.3 ते 0.4 हा ढोबळ अंदाज. फट नसेल तर तापल्यावर टोके भिडून रिंग मोडते. 'टॉप' लिहिलेली बाजू वर, आणि रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. डोक्यावरील बाण सांगितलेल्या दिशेला. पिन हातोडीने ठोकू नये, पिस्टन गरम पाण्यात तापविला की ती अंगठ्याने सरकते. पिनेचे लॉक दरवेळी नवे. त्या चार पैशांच्या तारेने आख्खा बोअर खरवडलेला आम्ही पाहिला आहे.

नोझलकडे दुर्लक्ष नको. ज्या सातपूरच्या मायको कारखान्यात, म्हणजे 2008 पासूनच्या बॉशमध्ये, वर्षानुवर्षे नोझले बनली, त्याच नाशिकमध्ये लोक गळके नोझल नव्या पिस्टनवर चढवतात. थेंब एका जागी जळत राहिले की पिस्टनला भोक पडते.

पहिले पाचशे ते हजार किलोमीटर हलका माल भरावा, गाडी तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवू नये, आणि त्यानंतर तेल बदलावे.

व्यापारी बांधवांनी आणखी एक करावे. चारही पिस्टनची व बोअरची मापे बिलाच्या मागे लिहून घ्यावी. चांगला कारीगर नाराज होत नाही. आमचे दुसऱ्यांदा बांधलेले इंजिन 2014 पर्यंत चालले. मग गाडी विकली आणि घेणाऱ्याला चावीबरोबर मापांचा तो कागदही दिला.