'तुमच्या सुरक्षेसाठी' घेतलेला नंबर पुढे कुठे जातो?

मराठवाड्यातल्या सोनपेठमध्ये नवा मोबाईल घेतला की बहुतेक वेळा दुकानातला पोरगाच फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप चालू करून देतो. परवानगी मागणारी जी चौकट समोर येईल, तिच्यावर 'हो' दाबत तो पुढे जातो. त्यातल्या बऱ्याच चौकटींत एक ओळ असते: तुमचे खाते सुरक्षित ठेवण्यासाठी. ही ओळ अगदीच खोटी नाही. खाते पळवणाऱ्याला अडवायला, बनावट खाती ओळखायला, लहान मुलांच्या शोषणाची छायाचित्रे पसरण्याआधी पकडायला कंपन्यांना काही माहिती लागतेच. पण घेतलेल्या माहितीचे पुढे काय होते, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज पक्के होऊन बसले आहेत.

त्यांवर उपाय म्हणून 'मोबाईलच वापरू नका' असे मी सांगणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांचा चेहरा ज्या लेकराला चार-पाच महिने फक्त व्हिडिओ कॉलवर दिसतो, त्याच्या आजीला असा सल्ला देणे निर्दयपणाचे होईल.

"ओटीपीसाठी नंबर दिला, तो ओटीपीपुरताच वापरतात"

हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तो चुकीचा असल्याचे पुरावे सरकारी कागदांवर आहेत. मे २०१३ ते सप्टेंबर २०१९ या काळात ट्विटरने १४ कोटींहून अधिक लोकांकडून फोन नंबर आणि ईमेल घेतले. कारण दिले होते सुरक्षेचे: खाते लॉक झाले तर उघडता यावे, दुसरा कुणी आत शिरू नये. तेच नंबर कंपनीने जाहिरातदारांच्या कामी लावले. ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे पकडले आणि मे २०२२ मध्ये ट्विटरला १५ कोटी डॉलर भरावे लागले. फेसबुकनेही हेच केले होते. दुहेरी पडताळणीसाठी दिलेला नंबर तिथे जाहिरातींसाठी वापरला जातो, हे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले आणि कंपनीला ते मान्य करावे लागले. जुलै २०१९ मध्ये याच कमिशनच्या आदेशाने फेसबुकवर ५ अब्ज डॉलरचा जो दंड बसला, त्या प्रकरणात हाही एक आरोप होता. सुरक्षेसाठी घेतलेला नंबर यापुढे जाहिरातीला वापरायचा नाही, अशी अट त्या आदेशात घालावी लागली.

नंबरात असे काय आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे एकाच माणसाचा एकच नंबर बँकेत असतो, गॅस एजन्सीत असतो, साखर कारखान्याच्या ऊस नोंदीत असतो, कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत असतो आणि पोराच्या शिकवणी वर्गाच्या अर्जावरही असतो. जाहिरातदाराने आपल्याकडच्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी फेसबुकसारख्या कंपनीला दिली की कंपनी ती आपल्याकडच्या नंबरांशी जुळवून बघते. जुळले की त्याच माणसाला जाहिरात दिसते. कुठे काय विकत घेतले आणि फेसबुकवर काय बघितले, या दोन वेगळ्या गोष्टी त्या दहा आकड्यांनी एकत्र बांधल्या जातात. नाव, गाव चुकीचे लिहिले तरी फरक पडत नाही, कारण नंबर खरा असतो. ओटीपी येण्यासाठी तो खरा असावाच लागतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक कंपनी असलेल्या मेटाचे २०२४ चे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर होते आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा जाहिरातींचा होता. असा खरा, पडताळलेला नंबर कंपनीला किती मोलाचा आहे, ते या आकड्यावरून समजावे. शेताला राखणदार ठेवला म्हणून त्याला कापसाचा सौदा परस्पर करायचा अधिकार मिळत नाही. इथे नेमके तेच झाले.

बरे, नंबराशिवाय सुरक्षा शक्यच नव्हती का? ट्विटरच्या प्रकरणातच याचे उत्तर आहे. नंबर न देता, पडताळणीच्या वेगळ्या ॲपने किंवा सुरक्षा किल्लीने खाते जपता आले पाहिजे, असे बंधन त्या कंपनीवर घातले गेले. म्हणजे तो मार्ग उपलब्ध होता.

"सुरक्षा देणारे ॲप तरी आपल्या बाजूचे असते"

फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे ॲप तुमची माहिती सुरक्षित ठेवेल, असे लोकांना सांगितले जात होते. प्रत्यक्षात फोनवर कोणते ॲप किती वेळ उघडले, याची माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. कोणते प्रतिस्पर्धी ॲप वाढते आहे, हे फेसबुकला त्यावरून कळायचे. ॲपलने २०१८ मध्ये आक्षेप घेतल्यावर ते ॲपलच्या ॲप-दुकानातून काढले गेले आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ज्याचे नावच 'संरक्षण' होते, त्याची ही गत.

"कंपनीकडे जितकी जास्त माहिती, तितके गुन्हे कमी"

याचे उत्तर शोधायला परदेशात जायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरत आलेली ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली होती. त्या दिवसांत देशात इतरत्रही अशाच अफवांनी माणसे मारली गेली. मराठवाड्यातही भटके समाज गावोगाव फिरून पोट भरतात. तो जमाव आपल्याकडेही जमू शकला असता, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्यानंतर व्हॉट्सॲपने काय केले, हे नीट पाहा. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. 'फॉरवर्डेड' हा शिक्का आला. छायाचित्र-व्हिडिओशेजारचे झटपट पुढे पाठवायचे बटण काढले. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम आला. त्यानंतर असे सर्वदूर फिरणारे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच जाहीर केले.

यातल्या एकाही उपायासाठी तुमचा चेहरा, पत्ता, आवडनिवड, फोनमधले इतर ॲप, काहीच लागले नाही. संदेश किती हातांतून आला याची मोजणी संदेशाबरोबरच पुढे जाते. आतला मजकूर वाचावा लागत नाही. कंपनीने केलेला हा महत्त्वाचा सुरक्षा उपाय आपली यंत्रणा थोडी हळू करण्याचा होता. अफवा वेगाने पसरली, कारण ती वेगाने पसरेल अशी सोय करून ठेवलेली होती. पाच माणसांचा जीव गेल्यावर ती सोय कमी झाली. म्हणून सुरक्षेच्या नावाने नवीन माहिती मागणाऱ्या कंपनीला माझा पहिला प्रश्न असा आहे: आधी तुमच्या ॲपमध्ये काय बदल केला?

"व्हॉट्सॲप कुणालाच वाचता येत नाही, मग चिंता कसली?"

संदेशाचा मजकूर कुलूपबंद असतो, हे खरे आहे. एप्रिल २०१६ पासून दोन माणसांमधला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण मजकुराभोवतीची माहिती बरीच उरते: फोनचा प्रकार, इंटरनेटचा पत्ता, त्यावरून ढोबळ ठिकाण, फोनबुकमधले नंबर, तुम्ही केव्हा आणि किती वेळ ॲपवर असता, कोणत्या गटांत आहात. दुकानांच्या, कंपन्यांच्या व्यावसायिक खात्यांशी झालेले बोलणे तो व्यवसाय पुढे जाहिरातीसाठी वापरू शकतो. मेटा एआय या चॅटबॉटशी केलेल्या गप्पा तर डिसेंबर २०२५ पासून जाहिराती ठरवायला वापरल्या जाऊ शकतात. पिकावरच्या रोगापासून घरातल्या दुखण्यापर्यंत सगळे मेटा एआयच्या त्या निळ्या वर्तुळाला विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे धोरण पुढे केले: मेटाच्या इतर कंपन्यांशी माहिती वाटून घेण्यास हो म्हणा, नाहीतर ॲप सोडा. त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातीसाठी माहिती वाटण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, बंदी मात्र काढली.

"माझे खातेच नाही"

तुमच्या पोराचे आहे ना? त्याच्या फोनबुकातून तुमचा साध्या फोनचा नंबरही वर गेलेला असतो. खाते नसलेल्या लोकांच्या माहितीचे काय करता हे नीट सांगितले नाही, हा व्हॉट्सॲपवरच्या आरोपांपैकी एक होता. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने व्हॉट्सॲपला २२.५ कोटी युरोचा दंड केला.

"फोन आपले बोलणे चोरून ऐकतो"

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज पाठवल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. ऐकायची गरजही नसते. वर सांगितलेली जुळवाजुळव पुरेशी आहे.

"आपल्यासारख्याकडून काय चोरणार?"

गोळा केलेली माहिती कंपनीकडेच राहील, याची खात्री नसते. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३.३ कोटी लोकांचे फोन नंबर नावांसकट इंटरनेटवर उघडे पडले. त्यात सुमारे ६० लाख भारतीय होते. नंबरावरून ओळखीचे लोक शोधून देणाऱ्या सोयीचाच गैरफायदा घेतला गेला होता. महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून निघालेल्या अमेरिकेतल्या 'टी' या ॲपने बायकांकडून ओळख पटवण्यासाठी चेहऱ्याचे फोटो घेतले. जुलै २०२५ मध्ये ओळखपत्रांसह असे सुमारे १३ हजार फोटो फुटले. त्याच वर्षी गप्पांसाठीच्या डिस्कॉर्ड या ॲपच्या सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली. ती बरीचशी वय सिद्ध करण्यासाठी दिलेली होती.

ज्याच्या खात्यात पीकविम्याचे चार पैसे आहेत, त्याला 'गरिबाचे काय चोरणार' हा दिलासा पुरत नाही. नाव, नंबर आणि गाव माहीत असलेला चोर बँकेतून बोलतोय म्हणाला की माणूस विश्वास ठेवतो. आणि लाखाच्या फसवणुकीने पुण्यातल्या नोकरदारापेक्षा सोनपेठच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे घर जास्त खचते.

आज करण्यासारखे थोडेच आहे, पण आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट'खाली दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन ठेवा. खाते पळवण्याविरुद्ध ही चांगली सोय आहे आणि तिला नवीन माहिती द्यावी लागत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामला फोनबुकची परवानगी लागत नाही, ती फोनच्या सेटिंगमधून काढा. दुहेरी पडताळणीसाठी शक्य तिथे नंबराऐवजी पडताळणी ॲप निवडा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

"आता कायदा आला, काळजी मिटली"

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सरकारी यंत्रणांना त्यात मोठी सूट आहे आणि ती मला खटकते. तरी त्यातल्या काही गोष्टी कामाच्या आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि संमती फक्त आवश्यक माहितीपुरतीच धरली जाईल. कायद्यातच उदाहरण आहे: फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनबुक मागितले आणि तुम्ही 'हो' दाबले, तरी सल्ल्यासाठी फोनबुक लागत नसल्याने ते 'हो' धरले जाणार नाही. कोणती माहिती कशासाठी घेतो, हे सांगणारी सूचना आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागेल. माहिती कशासाठी घेता, याचे उत्तर पटले नाही तर आधी कंपनीकडे तक्रार करायची आणि तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जायचे.