सुरी दिली की नातं तुटतं?

कंधार-लोह्याकडचं पोरगं हॉटेल मॅनेजमेंट करून शेफ झालं की काय भेट द्यावी याची घरात चर्चा सुरू होते. 'चांगली सुरी घेऊन द्या' असं कुणी म्हणायचा अवकाश, आत्या, मामी आणि शेजारच्या काकू एका सुरात सांगतात: सुरी देऊ नये, नातं तुटतं. निकालाचे दिवस आले की हे ऐकावंच लागतं. मग काय देतात? घड्याळ, नाहीतर सोन्याची अंगठी.

आता गंमत बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याविषयीच्या 2011 च्या नियमांत चौथं परिशिष्ट आहे. अन्नात पडू शकतील असे सैल दागिने स्वयंपाक करणाऱ्यांनी घालू नयेत, असं त्यात लिहिलंय. चांगल्या किचनमध्ये ड्यूटीवर जातानाच अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावं लागतं. म्हणजे 'शुभ' भेट लॉकरमध्ये आणि ज्यावर पोराचं पोट चालणार ती वस्तू अशुभ!

बरं, हे सांगतं कोण? खंडेनवमीला विळी, कोयता, कुऱ्हाड मांडून हळदकुंकू वाहणारी आपलीच माणसं. आपलं जिल्ह्याचं गावच बघा. गुरू गोविंदसिंगांचं 1708 मध्ये नांदेडलाच निधन झालं आणि त्यांची शस्त्रं हुजूर साहिबमध्ये आजही श्रद्धेनं जपली जातात. 1699 पासून खालसाच्या पाच ककारांत कृपाण आहे. गुरुद्वाराजवळच्या दुकानांतून यात्रेकरू कृपाण घेऊन जातात. त्यांची घरं त्यामुळे मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हा समज इंग्लंडातही आहे. तिथे सुरी घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. आत्याबाईंचं मन अगदीच मानत नसेल तर पोराकडून एक रुपया घ्यावा आणि विषय मिटवावा.

'सुरी हातात देऊ नये, भांडण होतं' यात मात्र तथ्य आहे, पण ते भांडणाचं नाही. हातातून हातात देताना पातं लागतं. म्हणून ओट्यावर ठेवावी, दुसऱ्यानं मुठीला धरून उचलावी. किचनमध्येही हेच शिकवतात.

चोवीस नगांचा संच म्हणजे भारी भेट? त्यातले वीस नग पेटीतच राहतात. आठ इंची शेफ नाईफ, एक लहान सोलायची सुरी, एक पावाची दातेरी सुरी, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. व्हिक्टोरिनॉक्सची साध्या काळ्या मुठीची सुरी चालते. जपानी सुरीचं पोलाद बहुधा जास्त कडक असतं. तिची धार टिकते, पण हाडावर मारली तर टवका उडतो. काही जपानी सुऱ्यांना एकाच बाजूनं धार असते, तेव्हा पोरगं डावखुरं आहे का ते आधी विचारा.

धारदार सुरीनं जास्त कापतं, हेही उलटंच आहे. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि मग ती टोमॅटोवरून घसरून बोटावर येते.

स्टेनलेस गंजत नाही? त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं म्हणून गंज कमी धरतो, एवढंच. लिंबू-मीठ लागलेली सुरी रात्रभर तशीच टाकली की डाग पडतात.

लोखंडी दांड्यावर घासल्यानं धार लागते? नाही, वाकलेली धार सरळ होते. धार लावायला पाण्याचा दगड लागतो. तो सुरीसोबतच द्या.

काचेचा कटिंग बोर्ड देऊ नका. स्वच्छ दिसतो, पण धारेची वाट लावतो.

पुस्तक द्यायचं तर थंगम फिलिप यांचं 'मॉडर्न कुकरी' नको, ते कॉलेजातच हाताळून झालेलं असतं. 1970 ची कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' बहुधा त्याच्याकडे नसेल.

राहिली पोलिसांची भीती. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. विमानानं जाणार असेल तर सुरी चेक-इन बॅगेत टाकायची, हातातल्या बॅगेत चालत नाही.