गृहोद्यान, मिश्ररचनेचे

गृहोद्यान, मिश्ररचनेचे : राहत्या घराभोवतीच्या विस्तृत जागेत फुलझाडे, फळझाडे, भाजीपाला, हिरवळ, जलाशय आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या शोभेच्या वनस्पती यांची एकत्र, परंतु योजनाबद्ध मांडणी करून तयार केलेल्या बागेस मिश्ररचनेचे गृहोद्यान म्हणतात. लहान अंगणातील बागेहून ते दोन बाबतींत वेगळे असते. त्याचे क्षेत्र सामान्यतः १,००० चौ. मी. पेक्षा अधिक असते आणि त्यात कोणत्याही एका उद्यानशैलीचे बंधन पाळलेले नसते. हौशी मालक वर्षानुवर्षे नवनवी रोपे आणून लावीत असल्याने अशा बागेस संग्रहाचे स्वरूप येते. झाडांची संख्या वाढली, तरी रचना हरवते व उन्हाळ्यात पाणी पुरेनासे होते. हे दोन्ही दोष टाळण्यासाठी पाणी, सावली व वाटा यांचा आराखडा प्रथम निश्चित करून नंतर वनस्पतींची निवड करणे हे या उद्यानप्रकाराचे मुख्य तत्त्व होय. प्रस्तुत नोंदीत भंडारा जिल्ह्याच्या परिस्थितीच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

शैली : उद्यानांचे औपचारिक (नियमबद्ध) व अनौपचारिक (निसर्गसदृश) असे दोन मुख्य प्रकार मानतात. औपचारिक उद्यानात सरळ रेषा, समभाग व समतोल यांना महत्त्व असते. मोगल चारबाग हे त्याचे परिचित उदाहरण असून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बिबी-का-मकबऱ्याभोवतीची बाग याच पद्धतीची आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात प्रसृत झालेली भूदृश्य-शैली आणि जपानी उद्याने अनौपचारिक प्रकारात मोडतात. विसाव्या शतकात या दोहोंचा संयोग करण्याचे प्रयत्न झाले. लॉरेन्स जॉन्स्टन यांनी १९०७ पासून हिडकोट येथे उंच कुंपणांनी विभागलेली दालने तयार करून प्रत्येक दालनात वेगळ्या प्रकारची लागवड केली. केंट परगण्यातील सिसिंगहर्स्ट येथे १९३० नंतर हॅरल्ड निकल्सन यांनी वाटांच्या व दालनांच्या रेषा आखल्या आणि त्यांच्या पत्नी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी त्या चौकटीत मुक्तपणे रोपे लावली. ब्राझीलमध्ये रॉबेर्तू बुर्ले मार्क्स (१९०९–९४) यांनी १९४९ मध्ये घेतलेल्या रीओ दे जानेरोजवळील जागेत ३,५०० हून अधिक जातींच्या वनस्पती वाढविल्या. एकेका जातीचे मोठे, सलग पुंज करण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे एवढा मोठा संग्रहही विस्कळित वाटत नाही. या उद्यानाचा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आधी चौकट व मग वैविध्य हा क्रम या तिन्ही उद्यानांत दिसून येतो.

स्थानिक परंपरा : पूर्व विदर्भात घरामागील कुंपण घातलेल्या जागेस सांदवाडी म्हणतात. तीत विहीर, न्हाणीचे पाणी जाईल तेथे केळी व धोपा (अळू), मांडवावर वाल, दोडका, कारली यांचे वेल, कडेला मुनगा (शेवगा), लिंबू, पेरू, सीताफळ व पपई आणि मागच्या बाजूस आंबा, चिंच किंवा जांभूळ अशी योजना असे. घरापुढे तुळशीवृंदावन व त्याच्या जवळपास मोगरा, जास्वंद, तगर, पारिजातक ही देवपूजेस लागणारी फुलझाडे लावीत. यांपैकी पेरू, सीताफळ व पपई ही मूळची अमेरिका खंडातील आहेत. बोगनवेल व देवचाफा हीदेखील अमेरिकेतून, तर गुलमोहर मादागास्करमधून आला. म्हणजे परदेशी वनस्पतींना जागा देण्याची रीत या भागास नवी नाही. सांदवाडीत मात्र प्रत्येक झाडाची जागा पाणी व उपयोग यांवरून ठरत असे. मोठ्या गृहोद्यानाच्या रचनेस हेच तत्त्व उपयोगी पडते.

जिल्ह्यातील तलावांच्या रचनेतही असेच तत्त्व आढळते. भंडारा व १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळातील व त्याहून जुने अनेक तलाव आणि बोड्या (लहान तलाव) आहेत. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. उंचावर अडविलेले पाणी उताराने धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते. बांध्यांमधील धुऱ्यांवर तूर लावतात. त्यामुळे पाणी अडविणारा बांध, चालण्याची वाट व लागवडीची जागा ही तिन्ही कामे धुरा करतो. बागेतील ताली, वाटा व ताटवे यांची आखणी याच पद्धतीने केल्यास पावसाचे पाणी जागच्या जागी मुरते.

हवामान व पाणी : जिल्ह्यात वर्षाला सरासरी सु. १,२०० ते १,४०० मिमी. पाऊस पडतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान ४२° से. च्या आसपास असते व कधीकधी ते ४५° से. च्या वर जाते. त्यामुळे ऑगस्टमध्ये पाण्याचा निचरा आणि एप्रिल-मेमध्ये ओलावा टिकविणे अशा परस्परविरोधी गरजा एकाच आराखड्यातून भागवाव्या लागतात.

पाण्याचा हिशेब आराखड्यापूर्वी मांडणे आवश्यक आहे. २०० चौ. मी. छपरावर १,३०० मिमी. पाऊस पडला व त्याचा चार-पंचमांश भाग हाती आला, असे धरल्यास वर्षाला सु. २ लाख लि. पाणी मिळते. हे पाणी साठविण्यास मात्र फार मोठ्या टाक्या लागतात. ५ मी. लांब, ५ मी. रुंद व २ मी. खोल टाकीत केवळ ५० हजार लि. पाणी मावते. म्हणून छपरावरील पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडणे अधिक सोयीचे असते. दुसऱ्या बाजूस, १५० चौ. मी. हिरवळीस उन्हाळ्यात दर चौ. मी. ला रोज ७ लि. पाणी धरले, तर मार्च ते मे या तीन महिन्यांत सु. ९७ हजार लि. पाणी खर्ची पडते. वीस कोवळ्या फळझाडांना प्रत्येकी आठवड्यास ५० लि. पाणी दिल्यास त्याच काळात १३ हजार लि. पुरतात. एका हिरवळीच्या पाण्यात सातपट फळबाग जगू शकते. यामुळे हिरवळ बैठकीच्या खोलीसमोर व तेवढ्यापुरतीच ठेवावी. उरलेल्या जागी वाळलेल्या पानांचे किंवा धानाच्या तणसाचे आच्छादन घालावे.

जमीन : जिल्ह्यात कन्हार (काळी, भारी), मोरांड (काळी, चुनखडीचे खडे असलेली), खरडी व सिहार (हलक्या) आणि बरडी (मुरमाड) असे जमिनीचे स्थानिक प्रकार ओळखले जातात. कन्हार जमीन पावसाळ्यात चिबडते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत पपई, लिंबू व गुलाब यांसाठी ३० ते ४५ सेंमी. उंच गादीवाफे करावेत. बरडी जमिनीत सीताफळ, बोर, आवळा व करवंद चांगली येतात. पण तीत आंब्यासाठी १ मी. लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा काढून गाळाची माती व शेणखत भरावे लागते. उन्हाळ्यात तलावातून काढलेला गाळ या कामी उत्तम समजतात. खड्डे भरताना वाळवीचा (उधळीचा) बंदोबस्त करणे आवश्यक असते.

आराखडा : प्रथम जागेचा नकाशा काढून त्यावर उतार, विहीर, जुने वृक्ष, सांडपाण्याची वाट व फाटके दाखवितात. एका पावसाळ्यात पाणी कोठून येते व कोठे साचते, याचे निरीक्षण केल्याखेरीज पक्के बांधकाम करू नये. २,००० चौ. मी. (सु. अर्धा एकर) जागेची विभागणी नमुन्यादाखल पुढीलप्रमाणे करता येते : घर २०० चौ. मी., दर्शनी बाग ४००, हिरवळ १५०, फळबाग ७००, भाजीपाला २००, जलाशय व ओलसर भाग १००, वाटा, कंपोस्ट खड्डे व अवजारांची जागा २५० चौ. मी.

घराजवळचा भाग औपचारिक ठेवून घरापासून दूर जाताना रचना हळूहळू मोकळी करणे, ही मिश्रशैली जुळविण्याची सर्वांत सोपी रीत होय. मेंदी, कोरांटी किंवा करवंद यांच्या कुंपणांनी बागेची दालने पाडावीत. सर्व बाग एका दृष्टिक्षेपात दिसू नये, परंतु प्रत्येक दालनातून पुढील दालनाची चाहूल लागावी, अशी वाटांची योजना असावी. मुख्य वाट दोन व्यक्ती शेजारून चालू शकतील इतकी, म्हणजे १.२ ते १.५ मी. रुंद, तर कामाच्या वाटा सु. ०.७ मी. रुंद ठेवतात. खत-मातीची गाडी आत येण्यासाठी मागील फाटक ३ मी. रुंद असावे. वाटांवर फरशीऐवजी मुरूम अथवा फटी ठेवून बसविलेले दगड वापरल्यास पाणी मुरण्यास अडथळा होत नाही.

वृक्ष व सावली : भंडारा शहर सु. २१° उ. अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो व झाडाची सावली त्याच्या बुडाशीच पडते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र माध्यान्ही वृक्षाच्या उंचीइतकी लांब सावली उत्तरेकडे पडते. म्हणून हिवाळी भाज्या व मोसमी फुले यांचे वाफे मोठ्या वृक्षांच्या दक्षिणेस ठेवावेत. घराच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस दाट सावलीची झाडे लावल्यास तिसऱ्या प्रहरीच्या उन्हापासून संरक्षण मिळते. कलमी आंब्यात १० मी., पेरू व लिंबू यांत ६ मी., तर सीताफळात सु. ५ मी. अंतर ठेवतात. लावणीच्या वेळी हे अंतर फार मोठे वाटते व मधल्या जागेत आणखी झाडे लावण्याचा मोह होतो. दहा वर्षांनी त्यांतील निम्मी झाडे तोडावी लागतात. त्याऐवजी मधल्या जागेत प्रारंभी भाज्या व पुढे सावलीत येणारी हळद, आले व अळू घ्यावीत.

जागेवरील जुना आंबा, मोह किंवा चिंच यांना आराखड्याचा केंद्रबिंदू मानावे. अशा वृक्षाची सावली नव्या लागवडीतून एका पिढीतही मिळत नाही. आंबा, मोह, चिंच, जांभूळ इ. वृक्ष तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमानुसार पूर्वपरवानगी लागते. त्यांच्या बुडाशी मातीचा भराव घालू नये किंवा काँक्रीटचा पार बांधू नये. त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही व काही वर्षांत वृक्ष वाळतो.

फुलांचा क्रम व एकसूत्रता : वर्षभर बहर राहील अशी निवड करता येते. पळस व काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात. त्यांच्यामागून बहावा, गुलमोहर व महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला तामण यांचा बहर येतो. पावसाळ्यात तेरडा व सोनटक्का, पावसाळ्याच्या उत्तरार्धात पारिजातक आणि हिवाळ्यात शेवंती, झेंडू व ॲस्टर फुलतात. अनेक जातींमुळे येणारा विस्कळितपणा पुनरावृत्तीने टाळता येतो. प्रत्येक जातीचे एकेक रोप लावण्याऐवजी तीन, पाच वा अधिक रोपांचे पुंज करावेत आणि एखादी वनस्पती, उदा., तगर किंवा लिली, सर्व दालनांत पुन्हा पुन्हा योजावी. कुंपण, वाटांचा दगड व कुंड्यांचा रंग सर्वत्र एकच ठेवल्यानेही एकसूत्रता येते. क्रोटन, कर्दळ, बोगनवेल यांसारख्या भडक वनस्पती एकमेकींजवळ न लावता त्यांच्यामागे गर्द हिरव्या झाडांची पार्श्वभूमी द्यावी. कण्हेर व बिट्टी (पिवळी कण्हेर) यांचे सर्व भाग विषारी असल्याने ही झाडे मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावतात.

जलाशय : बागेतील सर्वांत सखल जागी बोडीच्या धर्तीवर लहान तळे करतात. त्याची एक बाजू उतरती ठेवल्यास पक्ष्यांना पाणी पिता येते व लहान मूल पडल्यास बाहेर येणे सोपे जाते. कडेस सांडवा ठेवून जादा पाणी केळी व अळू यांच्या वाफ्यांकडे वळवितात. कमळ व कुमुद लावतात आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. उन्हाळ्यात तळे आटू दिले, तरी हरकत नसते. त्याच वेळी गाळ काढून फळझाडांना घालता येतो.

निगा : एवढ्या विस्ताराची बाग एकाच वर्षी पुरी करू नये. पहिल्या वर्षी कुंपण, पाण्याची सोय व मोठे वृक्ष, दुसऱ्या वर्षी वाटा, दालने व झुडपे आणि त्यानंतर फुलझाडे व संग्रहातील दुर्मिळ रोपे हा क्रम योग्य होय. नवीन रोप आणण्यापूर्वी मे महिन्यात त्यास पाणी कोण व कोठून देणार, याचा विचार करावा. कोवळ्या झाडांच्या बुडाशी सच्छिद्र मडके पुरून त्यात पाणी भरण्याची जुनी पद्धत किंवा ठिबक सिंचन यांमुळे पाण्याची बचत होते. पालापाचोळा जाळू नये. त्याचे खत करून ते मृगाच्या पावसापूर्वी आळ्यांत घालावे. फळझाडांची लावणी पावसाळ्याच्या आरंभी, मोसमी फुलांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि झुडपांची मुख्य छाटणी त्यांचा बहर ओसरल्यावर करतात.