शीत हवामानातील बाह्य भिंती : उष्णतारोधनाचे संहितात्मक निकष आणि त्यामागील शास्त्र

प्रस्तावना :
शीत प्रदेशातील इमारतींची बाह्य भिंत दोन कार्ये करते. घरातील उष्णता बाहेर जाऊ न देणे हे पहिले आणि भिंतीच्या अंतर्भागात ओलावा साचू न देणे हे दुसरे. पहिल्याकडेच लक्ष दिल्यास इंधनाची बचत होते, परंतु भिंत आतून कुजू शकते. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय ऊर्जा संवर्धन संहितेच्या आधारे या दोहोंतील संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संहितेतील निकष :
ही आदर्श संहिता असून विविध राज्ये तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या फेरफारांसह स्वीकारतात. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत हवामानाचे आठ विभाग केलेले होते. मिनियापोलिस शहर सहाव्या विभागात मोडते. उष्णतेच्या वहनास होणारा विरोध 'आर-मूल्या'ने दर्शविला जातो. २०१२ च्या आवृत्तीत सहाव्या विभागातील लाकडी सांगाड्याच्या भिंतींसाठी '२०+५' किंवा '१३+१०' असे दोन पर्याय दिले होते. यातील पहिला आकडा उभ्या लाकडी खांबांमधील पोकळीत भरावयाच्या रोधकाचा, तर दुसरा बाहेरील सलग थराचा आहे. लाकूड रोधकापेक्षा उष्णता अधिक वाहून नेते. त्यामुळे प्रत्येक खांब हा 'औष्णिक सेतू' ठरतो. सलग थर हे सेतू बाहेरून झाकतो.

दवबिंदूचा प्रश्न :
आतील तापमान २० अंश सेल्सिअस व बाहेरील उणे १० अंश आहे असे मानू. इतर थरांचा अल्प विरोध वगळल्यास '१३+१०' भिंतीत पोकळीलगतच्या बाह्य फळीच्या आतील पृष्ठाचे तापमान सुमारे ३ अंश राहते. '२०+५' भिंतीत ते उणे ४ अंशांपर्यंत उतरते. आतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असल्यास दवबिंदू सुमारे २ अंश असतो. म्हणजेच पहिल्या भिंतीत फळी कोरडी राहते, तर दुसरीत तेथवर पोहोचलेले बाष्प गोठते किंवा द्रवरूप होते. येथे एकूण आर-मूल्य अनुक्रमे २३ व २५ आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. अधिक रोधक असलेली भिंतच अधिक ओली होण्याचा धोका आहे.

बाष्परोधकाची भूमिका :
म्हणूनच निवासी इमारत संहितेने सहाव्या विभागात केवळ लॅटेक्स रंगासारख्या तृतीय वर्गाच्या बाष्परोधकास सशर्त मुभा दिली. साडेतीन इंची पोकळीवर किमान ७.५, तर साडेपाच इंची पोकळीवर किमान ११.२५ आर-मूल्याचा सलग थर असल्यास हा वर्ग चालतो. '२०+५' भिंत ही अट पूर्ण करीत नाही. तिला आतील बाजूस पॉलिथिनचा पडदा किंवा क्राफ्ट कागदाचे अस्तर यांसारखा वरच्या वर्गाचा बाष्परोधक लागतो. तथापि फटींतून झिरपणारी हवा बाष्प फार मोठ्या प्रमाणात वाहून नेते. त्यामुळे २०१२ च्या ऊर्जा संहितेने या विभागात ५० पास्कल दाबाखाली ताशी ३ हवाबदल ही कमाल मर्यादा घातली.

निष्कर्ष :
उष्णतारोधनाचा निकष हा केवळ जाडीचा निकष नाही. रोधक किती, याइतकेच तो भिंतीत कोठे आहे, हे महत्त्वाचे ठरते. ऊर्जेचा व ओलाव्याचा असे दोन्ही तक्ते एकत्र वाचले, तरच भिंत उबदार आणि टिकाऊ होते.