विश्लेषण : जुना गुन्हा लपवला, तर वर्दी मिळते का?

पन्हाळ्याच्या घाटात पहाटे धावायला येणाऱ्या भरतीच्या मुलांना मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा तोंडपाठ असते. तिसऱ्या टप्प्याची आठवण मात्र अनेकांना निवड यादीत नाव लागल्यावरच होते. तो टप्पा म्हणजे चारित्र्य पडताळणी. गावातल्या भांडणाचा जुना गुन्हा इथे आड येऊ शकतो. पण तो लपवणे अनेकदा जास्त महागात पडते.

पडताळणी होते कशी?
निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतात. कधी अटक झाली का, गुन्हा दाखल आहे का, खटला सुरू आहे का, शिक्षा झाली का, असे प्रश्न त्यात असतात. ही उत्तरे पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिली जातात. पन्हाळा तालुक्यातील उमेदवार असेल, तर गावाच्या हद्दीप्रमाणे पन्हाळा, कोडोली किंवा कळे ठाण्याशी संबंध येतो. उत्तर आणि नोंद जुळली नाही, की प्रश्न फक्त गुन्ह्याचा राहत नाही, उमेदवाराच्या शब्दाचा होतो. ज्याच्या हाती शस्त्र, तपास किंवा गोपनीय कागद द्यायचे, त्याच्या शब्दाला किंमत असतेच.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणते?
अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकष घालून दिले.
• दिलेली माहिती खरी हवी. खोटी माहिती किंवा लपवणूक नको.
• तरुण वयातील घोषणाबाजीसारखे किरकोळ प्रकरण लपवले गेले असल्यास नियुक्ती अधिकारी ती चूक माफ करू शकतो.
• अनेक प्रलंबित गुन्हे जाणूनबुजून लपवणे ही स्वतंत्र गंभीर बाब आहे.
• नमुन्यात स्पष्टपणे विचारलेलीच माहिती देणे बंधनकारक आहे.
• सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणावरून काढायचे, तर आधी विभागीय चौकशी हवी.

खरे सांगितले, तर नोकरी पक्की?
नाही. खरे सांगूनही नियुक्ती अधिकारी पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतो. नियुक्ती देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. मात्र खरे सांगणाऱ्याच्या बाबतीत तोल गुन्ह्याचे स्वरूप, निकाल आणि पद पाहून ठरतो. लपवणाऱ्याने नकाराचे आणखी एक कारण स्वतःच्या हाताने दिलेले असते.

निर्दोष सुटलो, तरी लिहायचे?
‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ असा प्रश्न असेल, तर उत्तर ‘हो’ असेच. पुढे ‘निर्दोष मुक्तता’ लिहून निकालाची प्रत जोडावी. आपसात मिटलेले प्रकरणही यातच येते. गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने सुटका झाली असल्यास अधिकारी त्याचा वेगळा विचार करू शकतो.

अठराच्या आतील प्रकरणाचे काय?
बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार बालपणीच्या अपराधामुळे सहसा अपात्रता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांना हे संरक्षण नाही.

अर्ज भरण्याआधी काय करावे?
आपल्या नावावर काही आहे का, हे ई-कोर्ट्सवर पाहावे आणि ठाण्यात विचारावे. जत्रेतल्या किंवा निवडणुकीतल्या वादात नाव गोवले गेले असेल, तर वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत. ‘कोणाला कळणार आहे’ या सल्ल्यावर मात्र सही करू नये. नमुन्याखालची सही सल्ला देणाऱ्याची नसते.