चिखलातून नाक वर काढणारी झाडं

आपल्या सावदा गावाच्या दक्षिणेला तापी वाहते. मध्य प्रदेशातल्या मुलताईला ती उगम पावते, हतनूरच्या धरणात थोडी विसावते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. पण नदी समुद्राला मिळते तिथे असतं तरी काय? नकाशावर एक निळी रेघ मोठ्या निळ्या रंगात शिरते आणि संपते, बस्स.

खरी गंमत त्या संपण्याच्या जागीच आहे. तिथे गोडं पाणी कुठे संपलं आणि खारं कुठे सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवताच येत नाही. भरती आली की समुद्र नदीत शिरतो. साधारण सहा तासांनी ओहोटी लागते आणि तो मागे सरतो. हे रोज दोनदा चालतं. अशा जागेला खाडी म्हणतात. आणि खाडीच्या काठच्या मऊ, काळ्या चिखलात, जिथे तुमचा-माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतेल, तिथे चक्क जंगल उभं असतं! त्याचं नाव कांदळवन. तापीच्या मुखाजवळही ते आहे. पण होडीत बसून हे जंगल निवांत बघायचं असेल, तर मी तुम्हाला सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाठवीन, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत.

तिथे २०१७ सालापासून स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. या मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायका. वल्हं त्यांच्याच हातात आणि माहिती सांगणाऱ्याही त्याच. होडीला इंजिन नाही, त्यामुळे पाण्यावर वल्ह्याचा आवाज तेवढा होतो आणि पक्षी दचकून उडून जात नाहीत. मला ही गोष्ट फार आवडली.

मी ही सफर केली तेव्हा माझा भाचा बरोबर होता. होडी सुटली तशी वल्हं मारणाऱ्या मावशींनी त्याला विचारलं, "खयसून इलास?" त्याला मालवणी कुठली कळायला! मी सांगितलं, "कुठून आलास, असं विचारतायत त्या." मग तो ऐटीत म्हणाला, "सावद्याहून. केळीवाल्या सावद्याहून!" मावशी हसल्या. त्याने काठावरच्या झाडांकडे बघितलं आणि लगेच शेतकऱ्याच्या मुलाला शोभेल असा प्रश्न टाकला, "मावशी, इथल्या पाण्यानं ही झाडं जळत कशी नाहीत?"

अगदी मुद्द्याचा प्रश्न. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तुमच्या मळ्यातल्या केळीला हे पाणी दिलंत तर काही दिवसांतच पानांच्या कडा करपतील आणि झाड मान टाकेल. का? काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर काय होतं ते आठवा. काकडीतलं पाणी बाहेर येतं. मुळांभोवती खूप मीठ असलं की तसंच होतं, झाडाला पाणी आत ओढणंच अवघड होऊन बसतं. पाण्यात उभं राहूनही झाड तहानेनं मरतं!

मग कांदळवनातली झाडं काय करतात? सगळी एकच युक्ती करत नाहीत. कांदळ नावाचं झाड मुळांशीच पहारा बसवतं. त्याची मुळं पाणी आत घेतात, पण त्यातलं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. तिवराची तऱ्हा निराळी. त्याच्या मुळांतूनही बरंच मीठ गाळलं जातं, पण जे आत शिरतं ते तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. त्याच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या बारीक बारीक ग्रंथी असतात. मावशींनी तिवराची एक फांदी होडीकडे वाकवली आणि भाच्याला पान जवळून बघायला सांगितलं. उन्हात त्या पानावर पांढरे कण चमकत होते. त्याने बोट फिरवून जिभेला लावलं आणि ओरडला, "खारट!" मग मीही चाखून बघितलं. खरंच मीठ! झाडाने स्वतः गाळून, वर आणून वाळत घातलेलं.

पण नुसतं मिठाशी निभावलं म्हणजे संपलं नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. आपल्या शेतात मातीच्या कणांमध्ये हवा असते, म्हणून तर केळीच्या मुळाशी पाणी तुंबलं की घरची मोठी माणसं घाईने चर काढतात. खाडीचा चिखल इतका बारीक आणि इतका पाण्याने भरलेला असतो की त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. वल्हं चिखलात रुतलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचा उद्योग.

तेव्हा तिवराने काय केलं असेल? त्याने मुळंच वर पाठवली! ओहोटी लागली आणि पाणी उतरत गेलं, तशी चिखलातून टोकं दिसू लागली. बोटाएवढी, पेन्सिलीएवढी, सगळी सरळ आभाळाकडे. झाडाखालीच नव्हे, झाडापासून लांबवर ती ओळीने उगवलेली. ही श्वसनमुळं. एकेका तिवराला अशी १०,०००सुद्धा असू शकतात. प्रत्येकावर बारीक छिद्रं असतात. भरतीचं पाणी चढलं तरी या छिद्रांतून ते आत शिरत नाही. पाण्याखाली असताना झाड आतला प्राणवायू वापरत राहतं, त्यामुळे मुळातल्या हवेचा दाब कमी होतो. मग पाणी उतरलं, छिद्रं उघडी पडली की बाहेरची ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. म्हणजे समुद्राच्या भरती-ओहोटीवर हे झाड श्वास घेतं. मला तर हे कळल्यावर ती खाडी वेगळीच दिसायला लागली.

कांदळाची मुळं चिखलातून वर येत नाहीत. ती खोडातूनच फुटतात आणि कमान करून खाली चिखलात उतरतात. त्यांच्यातून हवाही जाते आणि मऊ चिखलात झाडाला चहूबाजूंनी आधारही मिळतो. या मुळांच्या गुंत्यात मोठे मासे शिरू शकत नाहीत. म्हणून तर कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं इथे लहानाची मोठी होतात. कालवं या मुळांनाच चिकटून राहतात.

आता बियांचं बघा. बी चिखलात पडली आणि पुढच्या भरतीने ती वाहून गेली, तर रुजणार कधी? केळीला हा घोर नाही, तिला बुंध्याशी मुनवे फुटतात. कांदळ मात्र बाळाला आईच्या अंगावरच वाढवतं. फळ फांदीला लटकलेलं असतानाच आतली बी रुजते आणि फळातून एक लांब हिरवा कोंब बाहेर येतो. तो वाढत वाढत हातभर होतो, टोकाला अणकुचीदार. नवख्या माणसाला वाटावं, झाडाला शेंगा लागल्यात. पण ती शेंग नव्हे, तयार रोप आहे! वेळ झाली की ते सुटतं. खाली नुसता चिखल असेल तर कधीकधी तिथेच उभं रुततं. पाणी असेल तर तरंगत निघतं. आधी आडवं तरंगतं, मग खालचं टोक जड होऊन उभं होतं. टोक चिखलाला टेकलं की मुळं धरतं. काही रोपं तर महिनोन् महिने समुद्रात फिरून दुसऱ्याच किनाऱ्याला लागतात.

चिखलावरची वस्तीही बघण्यासारखी असते. निवट्या हा मासा पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर टेकत चिखलातून चालतो, उड्या मारतो. डोळे डोक्याच्या वर. त्याची कातडी ओली असेपर्यंत तिच्यातूनही तो श्वास घेतो. नर फिडलर खेकड्याची एक नांगी इवलीशी आणि दुसरी भलीमोठी. मादीचं लक्ष जावं म्हणून तो ती मोठी नांगी सारखी वर-खाली हलवत असतो. भाच्याने त्यालाही उलट हात हलवून दाखवला!

कांदळवनातलंच आणखी एक झाड, पांढरी चिप्पी, मात्र दिवसा पूर्ण कळत नाही. तिचं पांढऱ्या केसरांचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं आणि पतंग त्याच्याकडे येतात, आणि सकाळी केसर गळून पडलेले असतात. २०२० साली या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. आपल्या राज्याने २०१२ साली वन विभागात खास कांदळवन कक्षही सुरू केला आहे. मुंबईकडे कधी गेलात तर ऐरोलीहून ठाणे खाडीत होडी सुटते. तिथे हिवाळ्यात कांदळवनाबरोबर रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात.

पण मी म्हणेन, आधी वेंगुर्ला गाठा. भुसावळहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी, आणि पुढे एसटी. पावसाळा संपल्यावर जा. निघण्यापूर्वी एक गोष्ट आठवणीने विचारा, त्या दिवशी भरती किती वाजता आहे? भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. भरती नुकतीच उलटली की होडीत बसा. आधी होडी फांद्यांच्या अगदी जवळून जाईल, आणि परत येताना पाणी उतरत जाऊन मुळं, निवट्या आणि खेकडे उघड्यावर येऊ लागलेले असतील.