घरच्या ग्रुपवरचा पासवर्ड

माझ्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकोणीस माणसे आहेत. धाकटा भाऊ दोहाला, बहीण मुंब्र्याला, बाकीचे रत्नागिरीकडे. अब्बा-अम्मींचा हजचा अर्ज भरायचा होता तेव्हा भाच्याने अब्बांच्या नावाने नवा ईमेल काढून दिला आणि "सगळ्यांकडे असू दे" म्हणत पत्ता आणि पासवर्ड, दोन्ही ग्रुपवर टाकले. कुणालाच वावगे वाटले नाही. मलाही नाही, आणि मी वर्गात मुलांना 'पासवर्ड कुणाला सांगू नका' म्हणून बजावत असते!

दोनेक महिन्यांनी त्याच भाच्याला एका मित्राच्या नंबरवरून मेसेज आला: माझ्या बहिणीला स्पर्धेत मत दे. त्याने लिंक उघडली, आपला नंबर टाकला आणि समोर दिसलेला आठ अक्षरांचा कोड व्हॉट्सॲपमध्ये भरला. झाले! त्याचे व्हॉट्सॲप कुणा परक्याच्या संगणकाला जोडले गेले. त्याचा फोन नेहमीसारखाच चालू राहिला, म्हणून घरात कुणाला पत्ता लागला नाही. असे यंत्र जोडले की अलीकडचे जुने मेसेजही तिकडे उतरतात. मग शोधायच्या चौकटीत 'पासवर्ड' एवढा शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो?

अब्बांचा ईमेल उघडेना तेव्हा आम्ही जागे झालो. मोबाइल नंबरच्या आधारे खाते परत मिळवण्यात दोन रात्री गेल्या. पैसे गेले नाहीत, कारण बँकेचा ओटीपी अब्बांच्याच फोनवर येतो आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. पण त्या ईमेलमध्ये दोघांचे पासपोर्ट, आधार, पासबुकाचे पहिले पान असे सगळे होते. त्या प्रती आज कुणाकडे आहेत, देव जाणे. अम्मी अजून विचारते, "बेटा, हजचं काही बिघडणार नाही ना?"

व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, हे खरे. पण धोका वाटेत नाही, मुक्कामाला आहे. आमच्या ग्रुपवरचा मेसेज एकोणीस फोनांत पडून असतो. त्यातला एखादा दुरुस्तीच्या दुकानात, एखादा लहान मुलांच्या हातात. 'सर्वांसाठी डिलीट' करायची सोयही साधारण दोन दिवसांपुरतीच.

अलीबाबाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. चोरांनी गुहेचा शब्द मोठ्याने उच्चारला आणि झाडावर बसलेल्या अलीबाबाने तो ऐकला. पुढे कासिम आत शिरला आणि नेमका तोच शब्द विसरला. आपली अडचणही दुहेरीच. सगळ्यांना सांगावे तर फुटतो, कुणालाच न सांगावे तर आजारपणात घर अडते.

म्हणून आम्ही आधी वाटणी केली. ओटीपी, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन हे मुलाला, सुनेला, जावयाला, कुणालाच सांगायचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः असा गुप्त तपशील दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. अब्बांच्या खात्यातून औषधे आणायची असतील तर पिन मागायची गरजच नाही. 2024 पासून 'यूपीआय सर्कल' आहे. त्यात अब्बा आपल्या खात्यातून मला खर्चाची परवानगी देऊ शकतात. एकतर महिन्याला पंधरा हजारांपर्यंतची मर्यादा ठरवून, नाहीतर दर वेळी स्वतः मंजुरी देऊन.

राहिले वीजबिल, वायफाय, मुलांच्या शिष्यवृत्तीचे लॉगिन. हे एकमेकांना द्यावेच लागतात. आता आम्ही पासवर्ड फोन करून तोंडी सांगतो आणि लॉगिनचे नाव मेसेजने पाठवतो, म्हणजे कुलूप एकीकडे आणि चावी दुसरीकडे. मात्र "एस मोठा की लहान?" यात दोहाचा कॉल संपून जातो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार घरगुती शब्द जोडून पासवर्ड केला तर लांबही होतो आणि सांगायला सोपा. मेसेजमध्ये लिहावाच लागला तर एकाच माणसाला पाठवायचा, 24 तासांत पुसला जाणारा मेसेज लावायचा आणि काम झाले की पासवर्ड बदलायचा. भाऊ 'बिटवॉर्डन' वापरतो. त्यातून एकदाच उघडणारी लिंक पाठवता येते. मला ते जमायला आठवडा लागला, पण जमले.

शिष्यवृत्तीचे मात्र वेगळेच दुखणे आहे. फॉर्म भरून देणारा दुकानदार कित्येकदा स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ठरलेला एकच पासवर्ड सगळ्या मुलांना लावतो. दरवर्षी माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुली रडत येतात, कारण दुकान बंद आणि लॉगिन त्याच्यापाशी. फॉर्म भरताना नंबर आईवडिलांचाच द्या आणि घरी आल्याबरोबर पासवर्ड बदला.

अब्बांचा नवा पासवर्ड मला माहीत नाही. तो त्यांनी कागदावर लिहून, पाकीट चिकटवून अम्मीच्या कपाटात ठेवला आहे. कुठल्या कप्प्यात, ते फक्त मला आणि भावाला ठाऊक. भाच्याने व्हॉट्सॲपच्या 'जोडलेली उपकरणे' या यादीतून परके यंत्र काढून टाकले. ती यादी तुम्हीही आज एकदा उघडून पाहा. आणि पैसे गेलेच तर बँकेला कळवा आणि 1930 वर लगेच फोन लावा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.